धुतलेली तबकडी

पुण्याहून सकाळच्या गाडीने निघाले तेव्हा माझ्या खांद्याला एक गोल पिशवी होती आणि तिच्यात चार तबकड्या. फेब्रुवारी संपत आला होता. या दिवसांत शहाणी माणसं थंड हवेच्या ठिकाणी जातात, सोलापूरला नाही, असं घरच्यांनी दोनदा ऐकवलं. मी कानाडोळा केला. सत्तरी ओलांडलेल्या एका चादरींच्या व्यापाऱ्याला डिस्क फेकायला शिकवायचं होतं आणि ते मला जमणार याबद्दल तिळमात्र शंका नव्हती. कॉलेजात खेळ शिकवण्यातच माझी हयात गेली आहे. ज्यांना साधा चेंडू झेलता येत नव्हता त्यांच्याकडूनही मी गोळाफेक करून घेतली आहे.

डिस्क गोल्फ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गोल्फसारखाच खेळ, फक्त चेंडू आणि काठीऐवजी हातात प्लास्टिकची तबकडी आणि भोकाऐवजी साखळ्या लावलेली लोखंडी टोपली. ठरलेल्या जागेवरून फेकायचं, पडेल तिथून पुन्हा फेकायचं आणि कमीत कमी फेकींत टोपली गाठायची. लांबच्या फेकीच्या डिस्क धारदार काठाच्या असतात. जवळच्या फेकीची असते ती पटर, जाड काठाची आणि संथ.

मला बोलावलं होतं महानंदाने. ती माझी होस्टेलमधली मैत्रीण, लग्न होऊन सोलापूरला गेली. अक्कलकोट रोडला एमआयडीसीच्या पुढे तिच्या सासरच्यांची माळरानाची एक पट्टी आहे, जिथे कुसळांशिवाय काही उगवत नाही. तिथे तिने डिस्क गोल्फचं मैदान उभं केलं. टॉवेलच्या कारखान्यातले कामगार, त्यांच्या बायका, दोन-चार दुकानदार असे बरेच जण कामावरून सुटल्यावर आणि रविवारी तिथे खेळू लागले. आता ती जागा एकाने ट्रक लावायला मागितली होती, आणि जागा होती सासऱ्यांच्या, म्हणजे अप्पांच्या नावावर.

"अप्पा म्हणाले, एकदा सगळा डाव खेळून बघतो, मजा आली तर राहू दे तुझं," महानंदा फोनवर सांगत होती. "पण मागे एकदा खेळले तेव्हा प्रत्येक फेक डावीकडे शेजारच्या ज्वारीत गेली. माणसं हसली गं. खांदाही दुखावला. आता परत तसंच झालं तर संपलं. तू ये आणि त्यांना जमेल अशी डिस्क आण."

जमेल अशी डिस्क कोणती हे मला फोन ठेवायच्या आधीच कळलं होतं. उजव्या हाताने छातीजवळून बाहेर फेकलेली डिस्क वेग ओसरला की डावीकडे कलते. तरुण खेळाडूची डिस्क लांब जाऊन शेवटी कलते, पण ज्याच्या खांद्यात जोर नाही त्याची हातातून सुटल्या सुटल्या डावीकडे मान टाकते. काही डिस्क मात्र आधी जराशा उजवीकडे झुकणाऱ्या असतात. हळू फेकणाऱ्याच्या हातून त्या बऱ्याचशा सरळ जातात. त्यांना अंडरस्टेबल म्हणतात. अप्पांना हवी होती हलकी, अंडरस्टेबल पटर. तशा तीन नव्या घेतल्या. चौथी माझी स्वतःची, त्याच जातीची, मूळची पोपटी पण आता उन्हाने उडालेल्या रंगाची, दगडांवर आपटून काठ गुळगुळीत झालेली. पटर जितकी वापरावी तितकी मऊ होते आणि हवेत सहज झुकते. ही मी कुणाला हात लावू देत नाही.

भिगवण मागे पडलं, उजनीचं पाणी खिडकीतून दिसून गेलं आणि मग दोन्ही बाजूंनी ऊस, केळी आणि मधूनमधून पिवळी पडलेली ज्वारी. केमला एक मावशी चढल्या आणि माझ्या समोर बसल्या. पिशवीतून डोकावणाऱ्या डिस्कवर त्यांची नजर गेली.

"ताटं हायत व्हय ही?"

"नाही मावशी, खेळायच्या तबकड्या आहेत."

त्यांनी एक हातात घेऊन वर-खाली केली, बोटाने वाजवून बघितली. "लई हलकं हाय. आन् काठ बी बुटका. आमटी सांडंल की समदी." त्यांनी डिस्क परत दिली आणि कुर्डुवाडीला उतरेपर्यंत माझ्याकडे जरा कीव येऊन बघत राहिल्या.

सोलापूर स्टेशनवर महानंदा स्कूटर घेऊन उभी होती. ऊन भाजत होतं. घरी हात-पाय धुऊन बसते तोच पान वाढलं गेलं. कडक भाकरी, एण्णेगायी (तेलावर परतलेली भरली वांगी), शेंगाची चटणी आणि त्यावर घट्ट दही. कडक भाकरी मोडताना असा आवाज होतो की चार माणसं जेवायला बसली तर बोलणं अशक्यच. मी तीन खाल्ल्या. महानंदाने मात्र अर्धी मोडून तशीच ठेवली होती.

मग आम्ही दुकानात गेलो. अप्पा गादीवर लोडाला टेकून बसले होते. पांढरं धोतर, पांढरा सदरा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि उजवा खांदा किंचित वर चढलेला.

"बर्री, बर्री (या, या)," ते म्हणाले. "पुण्याच्या बाई त्या तुम्हीच की. बसा. गिऱ्हाईक हाय, जरा थांबा."

गिऱ्हाईक हुबळीकडचं होतं. दोघांचं कन्नड चाललं होतं. अप्पांनी मागच्या थप्पीतून घडी ओढली, दोन टोकं धरली आणि डाव्या कुशीपासून हात बाहेर झटकला. चादर हवेत उलगडली, तिची लांबची कड आधी खाली गेली आणि मग सबंध चादर सपाट होऊन गादीवर पसरली, एक सुरकुती नाही. खांदा दुखावलेला माणूस दिवसभर हे करतो आहे, याचं मला नवल वाटलं आणि मी ते तिथेच विसरून गेले.

बोलणं लांबलं. गिऱ्हाईक उठलं, बसलं, चहा प्यालं. शेवटी अप्पा काहीच बोलले नाहीत. त्यांनी नमुन्याची चादर पुन्हा घडी घातली आणि स्वतःच्या मांडीखाली सरकवली. गिऱ्हाईकाने नमस्कार केला आणि ते निघालं.

"ठरलं?" मी महानंदाला हळूच विचारलं.

"ठरलं. अप्पा कधी हो म्हणत नाहीत. मांडीखाली गेलं की सौदा झाला. मग कुणी जास्त देऊ केलं तरी उलटत नाही. आणि बाजूला भिरकावलं की नाही. त्यावर बोलायचं नसतं."

मी डिस्क पुढे ठेवल्या. अप्पांनी एकेक उचलून तळहातावर तोलली आणि तोंड वाकडं केलं.

"बाई, ह्यात माल न्हाय. आमच्याकडं असल्या हलक्या चादरीला गिऱ्हाईक शिवत बी न्हाय. वजन पायजे, काठ कडक पायजे."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी महानंदाला विचारलं की मैदानावरच्या डिस्क कुणी निवडल्या. "सगळ्यांनी मिळून," ती म्हणाली. "पुण्याहून खोकं मागवलं होतं. प्रत्येकाने हातात घेऊन बघितल्या आणि चांगल्या तेवढ्या ठेवून घेतल्या." चांगल्या म्हणजे जड आणि ताठ! चादर-टॉवेलच्या गावाने डिस्कही चादरीसारख्याच पारखल्या होत्या आणि अंडरस्टेबल होत्या तेवढ्या हलका माल म्हणून परत पाठवल्या होत्या. मला हसू आवरेना. अप्पांनी भुवई वर केली तशी मी गप्प झाले.

संध्याकाळी महानंदाने मैदान दाखवलं. मुरमाड जमीन, मधूनमधून बाभळी, एका कडेला लिंबाचं मोठं झाड आणि त्याखाली बाज. डावीकडे शेजाऱ्याची काढणीला आलेली ज्वारी, उजवीकडे तारेचं कुंपण आणि पलीकडे उतार. टोपल्या एमआयडीसीतल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेतल्या होत्या आणि त्यांना साखळ्या होत्या सायकलच्या, कामगारांनी आणून दिलेल्या जुन्या. मी माझी पोपटी पटर फेकली. ती हवेत तरंगत गेली, जराशी उजवीकडे झुकली, सावरली आणि साखळ्यांत शिरली. असा गोड खळखळाट मी कुठल्याच मैदानावर ऐकला नव्हता.

महानंदा टोपलीला हात लावून उभी राहिली. "कारखान्यातून सुटून बायका इथे येतात. तास-दोन तास कुणाच्या जेवणाचं बघायचं नसतं. मीसुद्धा त्यातलीच. ट्रक आले तर मी परत दुपारभर खिडकीत बसणार."

"तुझं मैदान कुठे जात नाही," मी म्हणाले. "उद्या बघ."

दुसऱ्या दिवशी रविवार, दुकान बंद होतं. पूजा आटोपून अप्पा येईपर्यंत ऊन चढलं होतं आणि वाराही. पश्चिमेकडून सरळ तोंडावर येत होता. मी अप्पांना निळी नवी पटर दिली, बाजूला उभं राहून पाय कसे ठेवायचे, हात कसा काढायचा ते समजावलं.

"डिस्क अगदी सपाट धरा. चहाचा ट्रे धरतो तशी. आणि जोर लावू नका."

अप्पांनी शहाण्या विद्यार्थ्यासारखी सपाट धरली आणि सोडली. डिस्क निघाली छान. मग वाऱ्याने तिला खालून धरलं, ती उजवीकडे कलंडली, आणखी कलंडली आणि काठावर उभी राहून कुंपणाखालून उतारावरून गडगडत गेली. दुसरी दिली, तीही तिच्यामागे. तिसरी त्या दोघींच्याही पुढे.

लिंबाखाली बसलेल्या बायकांपैकी कुणीतरी फिस्कन हसलं. अप्पांचा चेहरा लाल झाला.

"काय सांगालाव (सांगताय) तुमी बाई? ते डावीकडं जात हुतं, हे उजवीकडं चाललंय. मदी काय जात न्हाय का तुमच्याकडं?" त्यांनी हात झटकले. "साकु (पुरे). महानंदा, ट्रकवाल्याला संध्याकाळी बोलाव."

ते लिंबाखाली जाऊन बाजेवर बसले. महानंदा माझ्याकडे बघत होती. खरं सांगते, मला स्वतःचा भयंकर राग आला. समोरून वारा असला की अंडरस्टेबल डिस्क दुप्पट झुकते हे मी पहिल्याच तासाला मुलांना शिकवते. अशा वेळी ती सपाट फेकायची नाही. अंगापासून लांबची कड खाली कलती ठेवून सोडायची, म्हणजे झुकता झुकता ती सपाट होते आणि सरळ जाते. हे मला पाठ होतं, पण हलकी डिस्क निवडली याच कौतुकात मी इतकी गर्क होते की वाऱ्याकडे बघितलंच नाही. आणि आता अप्पांना कडा आणि कोन समजावत बसले असते तर त्यांनी उठून घरची वाट धरली असती.

लांबची कड आधी खाली, मग सपाट. हे मी कालच कुठेतरी बघितलं होतं. आणि एकदम आठवलं कुठे!

बाजेवर एक चादर घडी करून ठेवलेली होती. मी ती उचलून अप्पांसमोर धरली.

"अप्पा, ही जरा उलगडून दाखवा."

"आँ? का बरं?"

"मी गिऱ्हाईक आहे. पुण्याहून आले आहे. माल बघितल्याशिवाय जाणार नाही."

गिऱ्हाईक म्हटल्यावर व्यापाऱ्याचा हात थांबतो थोडाच! ते उठले, दोन टोकं धरली आणि डाव्या कुशीपासून हात बाहेर झटकला. चादर वाऱ्याविरुद्ध फडफडली, कड खाली गेली आणि ती बाजेवर सपाट पसरली.

"आता हेच. अगदी हेच. फक्त हातात हे घ्या." नव्या तिन्ही उतारावर गेल्या होत्या. मी क्षणभर घुटमळले आणि माझी पोपटी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी अंगठ्याने तिचा काठ चाचपला. वरून हात फिरवला. मग त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

"ही बरी हाय. त्या तिन्हींत खळ हुती बाई, ताठ नुसत्या. ही धुतलेली हाय." आणि पुढे म्हणाले, "आमच्या चादरी बी धुतल्यावरच खऱ्या. पर दुकानात कोण थांबतंय तवर?"

ते पुन्हा फेकीच्या जागी उभे राहिले. समोर टोपली नव्हती, हुबळीचं गिऱ्हाईक होतं. हात सहज सुटला. पोपटी पटर कड खाली टाकून निघाली, वाऱ्याने तिला उचलून सपाट केलं आणि ती नाकासमोर सरळ, जणू बांधाबांधाने चालली आहे अशी, टोपलीच्या दिशेने जाऊन तिच्या जरा अलीकडे जमिनीवर अलगद बसली. ज्वारी डावीकडे राहिली, कुंपण उजवीकडे राहिलं.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. अप्पांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. ते डिस्ककडे चालू लागले, आणि आदल्या दिवशी दुकानाच्या पायऱ्या उतरताना कठडा धरणारा माणूस तो हाच का, असं मला वाटलं.

पुढचा डाव मी फक्त बघत होते. वारा पाठीवर आला की पोपटी कमी झुकायची, थोडी डावीकडे यायची. अप्पांनी ते दोन फेकींत ओळखलं आणि कड जरा वर घेऊन सोडायला लागले. मी सांगायला तोंड उघडलं की हाताने गप्प करायचे. एकदा बाभळीत अडकली तेव्हा धोतर खोचून स्वतः काट्यात शिरले. टोपलीजवळ आले की मात्र घाई करायचे आणि चुकायचे. शेवटच्या टोपलीपाशी अगदी समोरून चुकवली, कन्नडमध्ये स्वतःलाच काहीतरी बोलले, ते महानंदाने मला सांगितलं नाही. मग पुन्हा फेकली आणि सायकलच्या साखळ्या खळखळल्या. फेकी मोजल्या असत्या तर त्या दिवशी ते सगळ्यांत मागे पडले असते. कुणी मोजल्या नाहीत.

लिंबाखाली जेवण मांडलं. भाकरी, चटणी, कांदा आणि महानंदाने पहाटे उठून केलेली हुग्गी (गव्हाची खीर). अप्पा बाजेवर मांडी घालून बसले. पोपटी त्यांच्या शेजारी. ते भरपूर जेवले, वेल्डिंगवाल्याने टोपलीला रंग कसा पातळ लावलाय यावर बोलले, ज्वारीच्या भावावर बोलले. मैदानाचं नाव नाही. महानंदा वाढत होती आणि एकाच पानात दोनदा चटणी वाढून गेली. मी दुसरी भाकरी घेतलीच नाही, आणि माझ्या बाबतीत असं सहसा होत नाही.

तेवढ्यात फोन वाजला. ट्रकवाल्याचा होता. अप्पांनी ऐकून घेतलं. "हं," म्हणाले. परत "हं." आणि "बघू," म्हणून ठेवला. मग खांद्यावरचा टॉवेल काढला, डिस्कवरची धूळ पुसली. पालथी केली, तिथला मुरूम नखाने खरवडला. पुन्हा पुसली. उन्हात धरून बघितली. महानंदा हुग्गीचं पातेलं हातात धरून जागच्या जागी उभी होती.

अप्पांनी डिस्क खाली घेतली आणि मांडीखाली सरकवली.

"खीर वाढ की," ते सुनेला म्हणाले. "बघत काय उभी राहिलीस?"

महानंदाने वाढली. वाढता वाढता तिचे डोळे वाहू लागले आणि तिने ते पुसलेही नाहीत. लिंबाखालच्या बायकांना मांडीखालच्या वस्तूचा अर्थ ठाऊक होता. एकजण उठली आणि दुसरीच्या गळ्यात पडली. माझ्याही पोटात आनंद मावेना. आणि त्याच आनंदात लक्षात आलं की माझी पोपटी पटर आता माझी राहिलेली नाही. माझा हात अर्ध्यापर्यंत पुढे गेलाही होता. तो मी हुग्गीच्या वाटीकडे वळवला.

परतीच्या गाडीत माझ्या पिशवीत उतारावरून शोधून आणलेल्या तीन नव्या डिस्क होत्या आणि एक चादर. स्टेशनवर निघताना अप्पांनी ती हातात ठेवली होती. जड माल, काठ कडक. "चार-पाच वेळा धुवा," एवढंच म्हणाले. मी त्यांना मैदानाबद्दल काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांचा अपमान झाला असता.

केम गेलं तसा गार वारा सुटला. मी त्यांना शिकवायला गेले होते आणि शिकवलंही, ते श्रेय मी कुणाला देणार नाही. पण डिस्क अशी एकाच दिवसात मऊ होत नाही. पोपटीला मी कितीतरी सकाळी दगडांवर आपटलं होतं, बाभळीतून काढलं होतं, चिखलातून धुतलं होतं. ते सगळं आता अप्पांच्या हातून रोज दुकान उघडायच्या आधी अक्कलकोट रोडला उडणार होतं. मला रुखरुख लागली होती आणि तरी मी खिडकीत बसून हसत होते.

समोरच्या बाकावरच्या बाईने विचारलं, "सोलापूरची चादर का? बघू."

मी उभी राहिले, दोन टोकं धरली आणि डाव्या कुशीपासून हात बाहेर झटकला.